ॲब्सर्ड: हसायचं काय आहे त्यात?

मध्यंतरी एका जजमेंटचं भाषांतर करत होतो. असलं काम अधूनमधून मिळतं मला, वकील लोकांकडून, पानावर पैसे. त्यात एक वाक्य आलं की कायद्यातल्या शब्दांचा नेहमीचा सरळ अर्थ धरायचा, पण तसा धरल्याने ॲब्सर्डिटी होत असेल तर मग थोडं इकडेतिकडे सरकायला हरकत नाही. मी आपलं डोळे झाकून लिहिलं, "हास्यास्पद परिस्थिती निर्माण होत असेल तर". ॲब्सर्ड म्हणजे हास्यास्पद, शाळेपासून पाठ आहे की. वकीलसाहेब सत्तरीचे, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, त्यांनी त्या शब्दाला लाल पेनने गोल केला आणि म्हणाले, "अहो, हसायचं काय आहे यात? इथे माणूस जेलात चाललाय."

तेव्हापासून हा शब्द डोक्यात बसलाय. कारण आपण सगळेच तो वापरतो, मीटिंगमध्ये, ट्रॅफिकमध्ये, सोसायटीच्या ग्रुपवर कोणीतरी पार्किंगचा नवीन नियम टाकला की लगेच "दिस इज ॲब्सर्ड". पण मराठीत नेमकं काय म्हणायचं विचारलं तर गाडी अडते. हास्यास्पद म्हणावं तर कोणी हसत नाहीये, मूर्खपणा म्हणावं तर ती समोरच्याला शिवी झाली, विचित्र म्हणावं तर ते फारच मिळमिळीत. म्हणून म्हटलं की नीट खोदून बघू आणि सोप्या भाषेत लिहून टाकू.

सुरुवात मुळापासून. शब्द लॅटिनमधला आहे, ॲब्सुर्डुस, आणि त्याचा जुना अर्थ गाण्यातला आहे, म्हणजे बेसूर! खरंच, बेसूर. रोममधला मोठा वक्ता किकेरो, ज्याला आपण इंग्रजीच्या नादाने सिसेरो म्हणतो, त्याने इ.स.पू. ५५ मध्ये वक्तृत्वावर एक ग्रंथ लिहिला, त्यात बोलणाऱ्याचा आवाज कसा नसावा हे सांगताना हाच शब्द वापरलाय, कानाला खटकणारा, सुरात नसलेला आवाज. मग सुराशी न जुळणारं याच्यावरून बुद्धीशी न जुळणारं असा अर्थ सरकत गेला आणि इंग्रजीत येईपर्यंत गाणं सुटलं आणि खटकणं तेवढं राहिलं.

मला हे कळलं तेव्हा एकदम ट्यूबलाईट पेटली, कारण बेसूर हा शब्द एकट्याने बसूच शकत नाही. एकटा सूर बेसूर नसतो हो. पेटीवर कुठलीही एक पट्टी दाबा, ती बरोबर पण नाही आणि चूक पण नाही. बाजूला तानपुरा लागला, आधी दुसरे सूर येऊन गेले, की मग ठरतं की हा सूर लागला का सुटला. ॲब्सर्डचं तसंच आहे. एखादी गोष्ट स्वतःहून ॲब्सर्ड नसते, ती कशाच्या तरी शेजारी ठेवली की होते. लग्नाच्या शेरवानीत काय ॲब्सर्ड आहे, काही नाही, पण ती घालून स्विमिंग पूलमध्ये उतरलात की झालं. म्हणजे ॲब्सर्ड म्हणताना तुम्ही दोन गोष्टींची तुलना करताय, आणि दुसरी गोष्ट बहुतेक वेळा बोलून दाखवलेली नसते, समोरच्याने ती समजून घ्यायची असते. हे लक्षात ठेवलं की पुढचं सगळं सोपं आहे.

आणि गंमत म्हणजे आपली भाषा पण याच वाटेने गेलीये. ताळतंत्र सोडलं म्हणतो, ताळमेळ नाही म्हणतो, त्यांचे सूर जुळत नाहीत म्हणतो. असंगत हा शब्द घ्या, तबल्याची साथसंगत असते ना त्यातलीच ती संगत, ती नाही म्हणजे असंगत. हिंदीवाले बेतुका म्हणतात, तुक म्हणजे यमक, म्हणजे त्यांचं यमक चुकतं आणि रोमन लोकांचा सूर चुकतो.

ग्रीकांचं अजून वेगळं. त्यांचा शब्द होता आतोपोस, तोपोस म्हणजे जागा, आणि पुढे नकाराचा आ, म्हणजे जागेवर नसलेलं, अस्थानी. आता आपण चिडल्यावर काय विचारतो? डोकं ठिकाणावर आहे का! बघा, तेच. या ग्रीक शब्दाला इथे आणायचं कारण आहे, इ.स.पू. ३०० च्या सुमाराला युक्लिडने भूमितीचं जे मोठं पुस्तक लिहिलं त्यात हा शब्द येतो. पहिल्याच भागात एक प्रमेय आहे, त्रिकोणाचे दोन कोन सारखे असतील तर त्यांच्या समोरच्या बाजू पण सारख्या असतात, आपण सगळ्यांनी शाळेत केलेलं. युक्लिड म्हणतो, समजा सारख्या नाहीत, मग मोठ्या बाजूतून लहान बाजूएवढा तुकडा कापून घेऊ, मग एक छोटा त्रिकोण बनतो जो मोठ्या त्रिकोणाच्या आत आहे आणि तरी त्याच्याएवढाच आहे. आत असलेला लहान आणि बाहेरचा मोठा, दोघं सारखे? आणि इथे तो लिहितो, हे आतोपोन आहे. इंग्रजी भाषांतरात तिथे छापलेलं असतं, विच इज ॲब्सर्ड.

यात युक्लिडला अजिबात हसू येत नाहीये. तो फक्त म्हणतोय की तुमचं म्हणणं खरं मानून चाललो तर अशा ठिकाणी पोचलो जिथे कोणीच उभं राहू शकत नाही, म्हणजे चालायला सुरुवात केली तीच जागा चुकीची होती. याला लॅटिनमध्ये भारी नाव आहे, रिडक्शिओ ॲड ॲब्सर्डम. भारी वाटलं तरी पद्धत आपल्या घरातली आहे. आई म्हणायची ना, सगळे विहिरीत उडी मारतायत म्हणून तू पण मारणार का? हेच ते. तुझा नियम काय, तर सगळे करतात ते मी करणार, ठीक आहे, धरला तुझा नियम, आता चल विहिरीपर्यंत. शाळेच्या पुस्तकात याला अप्रत्यक्ष सिद्धता म्हणतात आणि मार्कांसाठी पाठ करतात, पण खरं तर ती भांडायची पद्धत आहे, आणि फार सभ्य पद्धत आहे, कारण यात समोरच्याला तू खोटारडा असं म्हणायचंच नाही, उलट तुझं सगळं मान्य करायचं आणि त्याचा हात धरून त्यालाच कड्यापर्यंत घेऊन जायचं.

सगळ्यात फेमस उदाहरण २ च्या वर्गमुळाचं. गणित बघून पळू नका, चार ओळी आहेत. समजा √२ हा साधा अपूर्णांक आहे, अ भागिले ब, आणि कापाकापी करून तो सगळ्यात लहान रूपात आणलाय, म्हणजे अ आणि ब दोघांना २ ने भाग जातोय असं आता शिल्लक नाही. दोन्हीकडे वर्ग केला की अ चा वर्ग म्हणजे ब च्या वर्गाच्या दुप्पट, म्हणजे अ चा वर्ग सम, म्हणजे अ पण सम. मग अ ऐवजी २क लिहा, आकडे इकडचे तिकडे करा, ब चा वर्ग निघतो क च्या वर्गाच्या दुप्पट, म्हणजे ब पण सम. अरे पण आत्ताच तर म्हणालो होतो की दोघांना २ ने भाग जात नाही! संपलं. √२ असा अपूर्णांक नाहीच.

आता इथे मला एक भन्नाट गोष्ट सापडली. अशा मुळांना इंग्रजीत सर्ड म्हणतात. ॲब्सर्डमधलाच सर्ड. लॅटिनमध्ये सुर्डुस म्हणजे बहिरा, आवाज नसलेला. गणितात बहिरा कुठून आला? तर ग्रीक लोक अशा संख्यांना अलोगोस म्हणायचे, लोगोस म्हणजे गुणोत्तर पण आणि बोलणं पण, त्यामुळे अलोगोस म्हणजे जिला गुणोत्तर नाही ती, किंवा जिला बोलता येत नाही ती. अरबी गणितज्ञांनी ते आपल्या भाषेत नेताना असम्म केलं, म्हणजे बहिरी. आणि बाराव्या शतकात अरबी पुस्तकं लॅटिनमध्ये आली तेव्हा असम्मचं झालं सुर्डुस. एका भाषेतली मुकी दुसरीत बहिरी झाली आणि तिसरीत तशीच राहिली, भाषांतर करणाऱ्यांचे हे उद्योग बघून माझ्या हास्यास्पदबद्दल मला जरा कमी लाज वाटली.

मराठी शाळेत याच सर्डला करणी म्हणतात, नववीच्या गणितात असते, आणि पोरं तिला काळ्या जादूची करणी समजून जोक मारतात. पण हा शब्द फार जुना आहे, शुल्बसूत्रांतला, जिथे यज्ञाच्या वेदी दोरीने कशा आखायच्या ते दिलंय. तिथे द्विकरणी म्हणजे दुप्पट क्षेत्रफळाचा चौरस बनवून देणारी बाजू, म्हणजे चौरसाचा कर्ण, म्हणजे आपलं √२. आपल्याकडे ती करून देणारी, ग्रीकांकडे मुकी, अरबांकडे बहिरी. ज्याला दोरी ताणून वेदी आखायची होती त्याला ती संख्या खटकली नाही, कारण दोरीला काय, कर्णावर ताणली की झाली तेवढी. खटकली कुणाला, तर जो प्रत्येक गोष्टीत दोन पूर्ण आकड्यांचं गुणोत्तर शोधत बसला होता त्याला. पुन्हा तेच, तानपुरा कुठला लावलाय त्यावर आहे.

तर्कातल्या ॲब्सर्डसाठी आपल्या जुन्या शास्त्रांतली दोन उदाहरणं फार छान आहेत, सशाचं शिंग आणि वांझेचा मुलगा. दोन्ही एकत्रच फेकली जातात पण दोघांत फरक आहे. सशाला शिंग नसतं, पण असतं तर काही तर्क मोडला नसता, चित्र काढता येतं त्याचं. वांझेचा मुलगा मात्र शब्दातच मोडतो, मुलगा आहे म्हणजे ती वांझ नाही, वांझ आहे म्हणजे मुलगा नाही. इंग्रजी बोलताना दोन्हीला ॲब्सर्ड म्हणून मोकळे होतात, पण कडक अर्थाने ॲब्सर्ड म्हणजे दुसरं. सशाचं शिंग म्हणजे नुसती थाप.

आता वकीलसाहेबांकडे येऊ, कारण या शब्दाला खरी किंमत कोर्टात आहे. मी भाषांतर करत होतो तो विचार १८५७ चा, इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्समधला, एका मृत्युपत्रावरून भांडण होतं, आणि लॉर्ड वेन्स्लीडेल नावाच्या न्यायमूर्तींनी म्हटलं की शब्दांचा व्याकरणाला धरून असलेला साधा अर्थ घ्यायचा, पण त्यातून काही ॲब्सर्डिटी, काही रिपग्नन्सी, म्हणजे आपसातला विरोध, किंवा विसंगती निघत असेल तर ती टाळण्यापुरताच तो अर्थ वाकवायचा, त्याच्या पुढे नाही. याला गोल्डन रूल म्हणतात, आपल्या कोर्टांत पण चालतो. यातला टाळण्यापुरताच हा भाग महत्त्वाचा आहे बरं का, नाहीतर प्रत्येक जज स्वतःला न पटलेल्या कायद्याला ॲब्सर्ड म्हणून हवा तसा अर्थ लावेल.

उदाहरण सांगतो, माझं सगळ्यात लाडकं. १९६४, इंग्लंड. तिकडच्या गोपनीयतेच्या कायद्यात लिहिलं होतं की प्रतिबंधित जागेच्या परिसरात सैनिकाच्या कामात अडथळा आणला तर गुन्हा. एक माणूस हवाईदलाच्या तळावर घुसला आणि त्याने अडथळा आणला. पकडला. कोर्टात त्याचं म्हणणं काय, तर कायद्यात परिसरात असं लिहिलंय, परिसर म्हणजे आसपास, मी आसपास नव्हतोच मुळी, मी थेट आत होतो! व्याकरण त्याच्या बाजूने आहे, हे मान्य करावंच लागेल. पण मग गेटच्या बाहेर दंगा केला तर गुन्हा आणि धावपट्टीवर जाऊन केला तर माफ, असं होईल. कोर्ट म्हणालं हे ॲब्सर्ड आहे, परिसरात म्हणजे आत किंवा आसपास असं वाचा. गेला आत.

दुसरं १८७२ चं. दुसऱ्या लग्नाचा गुन्हा. इंग्लंडच्या कायद्यात होतं की विवाहित असताना जो कोणी लग्न करेल तो गुन्हेगार. आरोपीच्या बाजूने मुद्दा असा की माझं दुसरं लग्न कायद्याने रद्दच आहे ना, मग मी लग्न केलंच कुठे? आता हे मान्य केलं तर दुसऱ्या लग्नाचा गुन्हा जगात कोणालाच कधीच करता येणार नाही, कारण विवाहित माणसाचं दुसरं लग्न वैध होऊच शकत नाही, तो कायदा म्हणजे वांझेचा मुलगा होऊन बसतो. कोर्टाने ठरवलं की इथे लग्न करणे म्हणजे लग्नाचा विधी पार पाडणे. आणि आपल्याकडे बघा, भारतीय दंड संहिता १८६० ची, म्हणजे हा निकाल यायच्या आधीची, तिच्या ४९४ कलमात ही पळवाट आधीच बुजवलेली होती, पहिला जोडीदार हयात असल्यामुळे जे लग्न रद्दबातल ठरतं असं लग्न करणारा, असे शब्द सरळ घातलेत. आता नवीन न्याय संहितेत हे कलम ८२ झालंय पण शब्दांची ती काळजी तशीच आहे. कलम लिहिणाऱ्याने सगळ्यात वाईट वकिलाची कल्पना करून लिहावं म्हणतात ते हेच.

अमेरिकेतलं पण एक आहे, १८६८ चं. पोस्टाची डाक अडवणं गुन्हा, असा कायदा. एका शेरीफने खुनाच्या वॉरंटवर एका माणसाला अटक केली आणि तो माणूस नेमका डाक घेऊन चाललेला पोस्टाचा माणूस निघाला. झालं, शेरीफवरच केस, डाक अडवली म्हणून. सुप्रीम कोर्टाने शेरीफला सोडलं आणि सोडताना इटलीतल्या बोलोन्या शहराची जुनी गोष्ट सांगितली, तिथे कायदा होता की रस्त्यात जो रक्त सांडेल त्याला कडक शिक्षा, आणि एक माणूस झटका येऊन रस्त्यात पडला तेव्हा वैद्याने त्याची शीर कापून रक्त काढलं, तेव्हाचा उपचारच तो. त्याला शिक्षा द्यायची का? नाही द्यायची, एवढं कोणालाही कळतं. या सगळ्या केसेसमध्ये ॲब्सर्ड म्हणजे काय आहे बघा, कायद्याचे शब्द एका सुरात आणि कायदा कशासाठी केला तो हेतू दुसऱ्या सुरात. हसू येतं आपल्याला, बाहेर बसून. शेरीफला आलं नसणार.

आता फिलॉसॉफी. इथे लोक उगाच घाबरतात. आल्बेर काम्यू, जन्म १९१३, अल्जीरियातला, फ्रेंचमध्ये लिहिणारा, त्याने १९४२ मध्ये सिसिफसच्या मिथकावर एक लांब निबंध लिहिला आणि ॲब्सर्ड हा शब्द कॉलेजच्या कॅन्टीनपर्यंत पोचला. सिसिफस म्हणजे ग्रीक कथेतला तो माणूस, शिळा डोंगरावर ढकलत न्यायची, वर पोचली की ती खाली गडगडते, परत ढकलायची, कायमचं. पण काम्यू शब्द कसा समजावतो ते फार साधं आहे. तो म्हणतो, मशीनगन लावून बसलेल्या टोळीवर एखादा माणूस हातात तलवार घेऊन धावून गेला तर आपण म्हणू ॲब्सर्ड. तलवार ॲब्सर्ड नाही, मशीनगन पण नाही, त्याचा इरादा आणि समोरची वस्तुस्थिती यांच्यातलं अंतर ॲब्सर्ड आहे. आणि मग तो हेच माणूस आणि जग यांना लावतो, माणूस सारखा विचारतोय की याला काय अर्थ, हे कशासाठी, आणि जग गप्प. ॲब्सर्ड माणसात नाही, जगातही नाही, दोघं समोरासमोर आले की होतं.

म्हणजे बेसूरच की! आणि सुर्डुस म्हणजे बहिरा हे आठवतंय ना, इथे जग बहिरं आहे, ऐकतच नाही. काम्यूने हे धातू बघून लिहिलं असं मी म्हणत नाहीये, पण शब्द फिरून फिरून आपल्या घरी कसे येतात ते बघून मजा वाटते. आणि ज्यांना वाटतं की ॲब्सर्ड म्हणजे निराशा, आयुष्याला अर्थ नाही आता झोपा, त्यांनी तो निबंध शेवटपर्यंत वाचलेला नसतो, कारण शेवटी तो म्हणतो की सिसिफस सुखी आहे असंच समजायला हवं.

त्याच्यानंतर नाटकवाले आले. १९६१ मध्ये मार्टिन एस्लिन नावाच्या समीक्षकाने थिएटर ऑफ द ॲब्सर्ड असं पुस्तकच लिहिलं आणि बेकेट, इयोनेस्को वगैरे लोकांना एका खोक्यात बसवलं, या लोकांनी स्वतः काही असा क्लब काढला नव्हता. आपल्याकडे मराठीत त्याला असंगत नाट्य म्हणतात, आणि मला वाटतं हे भाषांतर ज्याने कोणी केलं तो माणूस हुशार होता, हास्यास्पद नाट्य नाही म्हणाला. बेकेटचं वेटिंग फॉर गोदो ५ जानेवारी १९५३ ला पॅरिसला पहिल्यांदा झालं, दोन माणसं एका माणसाची वाट बघतात आणि तो येत नाही, दुसऱ्या अंकातही येत नाही.

पण मला सांगायचंय ते इयोनेस्कोचं, कारण आपण इंग्रजी शब्दाबद्दल बोलतोय आणि या बाबाला नाटक सुचलं तेच मुळी इंग्रजी शिकताना. घरी बसून इंग्रजी शिकायचं पुस्तक आणलं त्याने, आपल्याकडे तीस दिवसांत इंग्रजी टाईप असतं ना तसंच, आणि त्यातली वाक्यं उतरवून पाठ करू लागला. आठवड्यात सात दिवस असतात. छत वर आहे, जमीन खाली आहे. मग पुस्तकात मिस्टर आणि मिसेस स्मिथ आले आणि बायको नवऱ्याला सांगते की आपल्याला मुलं आहेत, आपण लंडनजवळ राहतो, आपलं आडनाव स्मिथ आहे. नवऱ्याला! प्रत्येक वाक्य शंभर टक्के खरं, व्याकरण बिनचूक, आणि तरी असं कुठलाच माणूस कुठल्याच माणसाशी बोलत नाही. त्यातून १९५० मध्ये त्याचं पहिलं नाटक आलं, द बाल्ड सोप्रानो, म्हणजे टकली गायिका. नाव कसं पडलं, तर तालमीत एका नटाची जीभ घसरली, सोनेरी केसांची मास्तरीण म्हणायच्या ऐवजी टकली गायिका म्हणाला, आणि इयोनेस्कोने तेच नाव ठेवलं, नाटकात असली कोणी गायिका स्टेजवर येतच नाही. पॅरिसच्या एका छोट्या थिएटरात ते १९५७ पासून चालूच आहे. ज्याने शाळेत "राम इज अ गुड बॉय, धिस इज अ पेन" घोकलंय त्याला हे नाटक समजावून सांगावं लागत नाही, आपण जगलोय ते.

आता ॲब्सर्डचे भाऊबंद पटकन बघून घेऊ, कारण इंग्रजीत हसण्यावारी नेण्याचे शब्द ढीगभर आहेत आणि सगळे आपण एकाच पोत्यात भरतो. रिडिक्युलस, हा खरा हास्यास्पद, मूळ हसणं याच धातूतला. कोणाला रिडिक्युलस म्हटलं की तुम्ही त्याच्यावर हसताय. ल्युडिक्रस खेळ या अर्थाच्या शब्दावरून, म्हणजे हे काय पोरखेळ लावलेत. प्रिपॉस्टरस मला फार आवडतो, लॅटिनमध्ये प्री म्हणजे आधी आणि पोस्ट म्हणजे नंतर, दोन्ही एकाच शब्दात कोंबलेत, नंतरचं आधी, आपलं सरळ आधी कळस मग पाया. हा शब्द वापरायचा तर क्रम किंवा निसर्ग उलटा झाल्यासारखं वाटायला हवं, नुसत्या महागड्या कॉफीला प्रिपॉस्टरस म्हणणं म्हणजे जरा जास्तच.

आणि फार्स. हा तर आपण मराठीच करून टाकलाय, चौकशीचा फार्स, लिलावाचा फार्स, पेपरात रोज असतो. मुळात म्हणजे सारण! खरंच सांगतो, करंजीत भरतात ते. फ्रान्समध्ये मध्ययुगात धार्मिक नाटकांच्या मधेमधे हसवणारे तुकडे भरायचे, त्या भरण्यावरून नाव पडलं. आपल्याकडेही जुन्या काळात रात्रभर पौराणिक नाटक झालं की त्याच्यामागून फार्स व्हायचा, लोक त्यासाठी थांबायचे. मग बातम्यांत त्याचा अर्थ झाला नुसता देखावा, ज्याचा निकाल आधीच ठरलाय असं काहीतरी. इंग्रजीतही हा अर्थ आहे, पण मराठीत तो जास्त पक्का बसलाय असं माझं मत.

मग रोजच्या बोलण्यात ॲब्सर्डला मराठीत काय? माझं उत्तर, काहीच्या काही. किंवा ऑनलाइनवाल्यांचं कैच्याकै. हसू नका, नीट बघा. "ही मागणी ॲब्सर्ड आहे", "काहीच्या काही मागणी आहे", बसलं. इंग्रजीत ॲब्सर्डली चीप म्हणतात, म्हणजे विश्वास बसणार नाही इतकं स्वस्त, आपणही म्हणतो कैच्याकै स्वस्त, म्हणजे वाईट नाही, उलट मजा आहे. शब्दाचा तो दुहेरी वापरसुद्धा जसाच्या तसा जमतो. पेपरवाले अतर्क्य लिहितात, ते मला पटत नाही, अतर्क्य म्हणजे तर्काच्या पलीकडचं, ती देवाची लीला पण असते. ॲब्सर्ड तर्काच्या पलीकडे नसतं, तर्काच्या पायात अडकून पडलेलं असतं. गंभीर लिखाणात असंगत किंवा विसंगत, गणितात विसंगती, आणि माणूस स्वतःबद्दल म्हणत असेल, "आय फील ॲब्सर्ड इन धिस हॅट", तर तिथे सरळ "या टोपीत मी बावळट दिसतोय".

दोन बारीक गोष्टी वापरताना. उच्चारात आपण ॲब वर जोर देतो, इंग्रज लोक सर्ड वर देतात, पहिला भाग जवळजवळ अब् असा गिळलेला, काही जण अब्झर्ड पण म्हणतात. आणि ऑफिसच्या मेलमध्ये जपून. "युअर सजेशन इज ॲब्सर्ड" हे "मला पटत नाही" याचं जोरदार रूप नाहीये, त्यात तू विचारच केलेला नाहीस असा सूर जातो, माझ्या एका मित्राने क्लायंटला असं लिहिलं होतं, आपल्या मते हलकंफुलकं, पुढचा आठवडा माफीचे मेल लिहिण्यात गेला. माणसाला सोडून परिस्थितीला म्हटलं तर चालून जातं, "इट वुड बी ॲब्सर्ड टू वेट टिल मार्च", यात कोणाला लागत नाही, उलट आपण दोघं शहाणे आणि मार्च वेडा असा भाव येतो.

तर ते जजमेंट. हास्यास्पद खोडलं. काहीच्या काही लिहायचा फार मोह झाला पण कोर्टाचा कागद आहे. शेवटी लिहिलं, "असंगत परिणाम निघत असेल तर". वकीलसाहेबांनी चष्मा वर सरकवला, दोनदा वाचलं, "चालेल" म्हणाले. मग त्याच वाक्यात पुढे पेन नेला, रिपग्नन्सीला मी तिरस्कार लिहिलं होतं, त्याला गोल केला, आणि काही न बोलता माझ्याकडे बघत बसले.